काणकोणचा एक दिवस: आधी ओहोटीची वेळ, मग रस्ता

संपादक महाशय,

हंगाम सुरू झाला की वृत्तपत्रांच्या रविवारच्या पानांवर ‘दोघांसाठी गोव्यातला एक दिवस’ अशा धर्तीचे मजकूर येऊ लागतात. सकाळी वागातोर, दुपारी जुने गोवे, संध्याकाळी पाळोळे, अशी त्यांतली आखणी असते. नकाशावर बोटभर दिसणारे वागातोर ते पाळोळे हे अंतर प्रत्यक्षात शंभर किलोमीटरच्या घरात जाते. ते स्कूटरवर कापायचे म्हणजे नवराबायकोचा अर्धाअधिक दिवस महामार्गावर ट्रकांचा धूर खाण्यात संपतो आणि किनारा पायाखाली येतो तो तासभर. एका दिवसाला एकच तालुका धरावा, आणि त्या दिवसाचा क्रम घड्याळाने नव्हे तर भरती-ओहोटीने ठरवावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. उदाहरणाला काणकोण घेतो, कारण किनारे, आडवाटा आणि चालत जाता येईल असे एक बेट हे सगळे तिथे वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात सापडते.

ते बेट पाळोळेच्या उत्तर टोकाला आहे. भरतीला त्याच्या चहूबाजूंनी पाणी असते. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते किंवा पाणी पोटरीपर्यंत उतरते आणि माणूस सहज पलीकडे जातो. पुरवण्यांमध्ये या बेटाचे छायाचित्र असते. तिथे कधी जायचे आणि कधी परतायचे हे मात्र नसते. भलत्या वेळी पोचलेली जोडपी मग कमरेइतक्या पाण्यातून मोबाइल डोक्यावर धरून निघतात, किंवा गेलेली जोडपी सूर्यास्ताचे फोटो काढत बसतात आणि परतीची वाट पाण्याखाली जाते.

वेळ काढणे अवघड नाही. आपल्या कोळी-खारवी लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा. गोव्यात भरती मुंबईच्या जराशी आधी येते, म्हणून पौर्णिमेला साडेदहा-अकरा आणि अष्टमीला पाच-साडेपाच धरावे. भरतीपासून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे पाणी सर्वांत खाली. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि अष्टमीच्या आसपास ती सकाळी अकराच्या सुमारास येते. पुढे दर दिवशी ही वेळ साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटे पुढे सरकते.

हा झाला ढोबळ हिशेब. नेमकेपणासाठी मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा, तो मोबाइलवरही मिळतो. त्यात वेळेइतकाच मीटरचा आकडा महत्त्वाचा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, चढउतार दोन्ही कमी. त्यामुळे अष्टमीची ओहोटी वेळेवर येऊनही बेटाकडची वाळू पुरती उघडी पडेलच असे नाही. शिवाय एकाच दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात. आकडा अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर निर्धास्त जावे. पाऊण मीटर किंवा जास्त असेल तर बेटाचा बेत सोडून किनाऱ्यावरच रमावे.

बेटावर जाताना ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि ओहोटीची वेळ टळल्यावर तासाभरात परत फिरावे. पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते, तिसऱ्या-चौथ्या तासाला सर्वांत वेगाने वर येते. म्हणूनच ‘अजून तर काहीच पाणी नाही’ असे म्हणत बसलेली माणसे अडकतात. पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी. तिथल्या खडकांवर कालवे चिकटलेली असतात. त्यांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी आणि तिची जखम खारवते, लवकर भरत नाही. उत्तर टोकालाच एक खाडीही समुद्राला मिळते. ओहोटी चालू असताना तिच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते, तेव्हा ती ओलांडायची तर रुंद आणि उथळ जागी, काठी किंवा एकमेकांचा हात धरून.

आता दिवसाची आखणी. उधाणाचे दिवस असतील तर उत्तरेकडून दक्षिणेला यावे: सकाळी काब द रामचा किल्ला, मग खोला, भर दुपारी आगोंद आणि चारच्या सुमारास पाळोळे. भांगाचे दिवस असतील तर उलटे: सकाळी पाळोळे, मग दक्षिणेला गालजीबाग, दुपारी वर आगोंद आणि मावळतीला काब द रामच्या बाजूचा सडा, म्हणजे जांभ्याचे उघडे पठार. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, एप्रिलमध्ये पावणेसातच्या आसपास. त्याच्या अर्ध्या तासात आपण दिव्यांच्या रस्त्यावर असू असा हिशेब ठेवावा. अंधारात सड्यावरच्या रस्त्यावर गुरे बसलेली असतात आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

मडगावहून येणाऱ्यांना दोन वाटा. महामार्ग कुंकळ्ळी, बाळ्ळीवरून करमलघाटातून चावडी या काणकोणच्या बाजारगावात उतरतो. तो लवकर पोचवतो, पण घाटात वळणे आंधळी आणि अवजड वाहने भरपूर. दुचाकीवर दोघे असताना तो टाळावा. दुसरी वाट चिंचिणी, आसोळणा, बेतूल, काणागिणी, काब द राम, खोला, आगोंद अशी समुद्राच्या अंगाने जाते. पाळोळेपर्यंत ती पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास भरते. न थांबता दीड-पावणेदोन तास. बेतूल सोडले की रस्ता एकदम चढाला लागतो आणि जांभ्याच्या सड्यावर येतो. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात हा सडा हिरवा आणि फुलांचा, मार्चनंतर तव्यासारखा तापलेला. या पट्ट्यात पेट्रोलपंप शोधत बसू नये, मडगाव सोडतानाच टाकी भरावी. मोबाइलची रेंजही खोला भागात येतजात राहते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

आमचे मत विचाराल तर मडगावहून स्कूटर आणण्यापेक्षा कोकण रेल्वेने किंवा कदंबच्या बसने थेट काणकोणला यावे आणि चावडी-पाळोळे परिसरातच गाडी भाड्याने घ्यावी. स्टेशन पाळोळेपासून तीनेक किलोमीटरवर आहे. जातायेताचे ऐंशी-नव्वद किलोमीटर वाचतात आणि संध्याकाळी थकलेल्या अवस्थेत लांबचा रस्ता उरत नाही.

गाडी घेताना पाटी बघा. भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या दुचाकीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. परवाना दुचाकीचा हवा. नुसता मोटारीचा परवाना स्कूटरला चालत नाही, हे अनेकांना पोलिसाने अडवल्यावरच कळते. डिजिलॉकरमधला परवाना चालतो. हेल्मेट दोघांनाही हवे, आणि मागच्याचे हेल्मेट मालकाकडून मागून घ्यावे लागते, तो आपणहून क्वचितच देतो. हनुवटीखालचा पट्टा लावून दोन बोटे आत जातील इतकाच सैल असावा.

ताब्यात घेण्याआधी गाडीभोवती फिरून मोबाइलवर चित्रण करा, जुने ओरखडे त्यात येऊ द्या. टायरची नक्षी नखाला लागली पाहिजे. हवेचा दाब मागे दोघे बसणार म्हणून वाढवून घ्यावा: एकशेदहा सीसीच्या बऱ्याच स्कूटरना पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि दोघांसाठी ३६ पीएसआय लागतो, त्या गाडीचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. भाड्याच्या गाड्यांत मागचे चाक बहुधा मऊ असते. त्यामुळे वळणावर गाडी झुलते आणि जांभ्याच्या दगडावर आदळली की रिमला पोचा येतो. त्या पोच्याचे पैसे परत करताना तुमच्याकडून मागतात.

उताराबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण या भागात चढापेक्षा उतारच जास्त धोक्याचा. गिअर नसलेल्या स्कूटरचा वेग एका मर्यादेखाली गेला की क्लच सुटतो आणि इंजिन चाकाला धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापून त्याची पकड कमी होते. म्हणून उतार लागण्याआधीच वेग वीस-पंचवीसवर आणावा आणि दोन्ही ब्रेक दाबून-सोडून वापरावेत. १ एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा आहे. त्यांत डावा ब्रेक दाबला तरी पुढचे चाकही काही अंशी धरले जाते. वळणावर रेती किंवा लाल खडी पसरलेली असेल तर तिथे डावा काय, उजवा काय, कोणताच ब्रेक जोरात दाबायचा नाही. वेग वळणाआधी कमी करायचा आणि खडीवरून हँडल सरळ ठेवून जायचे.

मागे बसणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, म्हणून चढणे-उतरणे डावीकडूनच. उघड्या पोटरीला सायलेन्सर लागून पडलेला भाजल्याचा डाग इथल्या दवाखान्यांना चांगला परिचित आहे. भाजलेच तर वीस मिनिटे वाहते गार पाणी; टूथपेस्ट लावू नये. आणि ओढणी, पदर, पंचा, पिशवीचा बंद हे सगळे खोचून बसावे. मागच्या चाकात अडकले की मान ओढली जाते.

काब द रामचा किल्ला उघडा आहे, सावली थोडी. सौंदेकर राजाकडून तो १७६३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि पुढे १९५५ पर्यंत तिथे तुरुंग होता. आत संत अंतोनीचे चर्च आहे. पश्चिमेच्या तटावरून खाली थेट समुद्र दिसतो, पण कड्याच्या काठचा जांभा पोखरलेला आणि ठिसूळ असतो. फोटोसाठी तटाच्या बाहेर पाऊल टाकू नये. सकाळी दहाच्या आत किल्ला आटोपला तर ऊन लागत नाही. माणशी दोन लिटर पाणी बरोबर हवेच.

खोल्याला दोन कारणांसाठी थांबावे. पहिले तिथली मिरची. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणाऱ्या खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रंग गडद लाल, तिखट बेताचे. सोलकढीला नाही, पण हुमणाला (माशांच्या आमटीला) आणि लोणच्याला तिच्यासारखी दुसरी नाही. वाळवलेली घ्यावी, देठ हिरवट असेल तर प्रवासात बुरशी धरते. दुसरे कारण खोल्याचा किनारा. तिथे ओहोळाचे गोडे पाणी वाळूच्या बांधामागे साठून छोटे तळे झाले आहे. खाली उतरणारा शेवटचा तुकडा कच्चा, खड्ड्याखड्ड्यांचा आणि तीव्र उताराचा आहे. स्कूटर वर ठेवून चालत उतरावे. गाडी खाली उतरते, पण दोघांना घेऊन वर चढत नाही, बेल्ट जळल्याचा वास येऊ लागतो. वाळूवर किंवा मऊ मातीत गाडी लावताना साइड स्टँडखाली चपटा दगड किंवा नारळाची करवंटी ठेवावी. नाहीतर परत येईपर्यंत स्टँड रुतून गाडी आडवी झालेली असते, आणि आडव्या गाडीतून गळलेले पेट्रोल उन्हात धोक्याचे.

आगोंदची वाळू लांबलचक आणि दिसायला शांत, पण किनारा पाण्यात शिरताच झपाट्याने खोल होतो आणि लाटेची परत ओढ मोठी. पोहायचे असेल तर पाळोळे बरे, दोन्ही बाजूंच्या डोंगरसोंडांमुळे तिथे लाट मऊ येते. परतीच्या ओढीचा पट्टा कसा ओळखायचा हे प्रत्येकाने शिकून घ्यावे. सगळीकडे लाटा फुटून पांढरा फेस होत असताना मधेच दहा-पंधरा पावले रुंदीचा पट्टा सपाट, गडद आणि गढूळ दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. किनाऱ्यावर चढलेले पाणी तिथूनच समुद्रात परत जात असते. खडकांच्या कडेला आणि नदीच्या मुखाशी असे पट्टे हमखास. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे जोर लावू नये, दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे आणि मग लाटांबरोबर आत यावे. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगून हात वर करावा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्याची, नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचे नाही. जीवरक्षक नजरेत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी नको. तळपण नदीच्या मुखाशी, राजबाग किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला तर ओहोटी चालू असताना पायसुद्धा घालू नये.

जेवणाची वेळ चुकवू नका. चावडीतल्या आणि गावांतल्या खानावळींत मासळीची थाळी साडेबारा ते अडीच, त्यानंतर मासे संपतात आणि आमटी-भात उरतो. सकाळी लवकर निघणाऱ्यांना भाजी-पाव कुठेही मिळतो.

गालजीबागसाठी महामार्गाच्या नव्या बायपासवरून सुसाट जाऊ नये. २०१९ मध्ये तो झाल्यापासून पुष्कळ लोक गाव मागे टाकून माशेला पोचतात आणि मग उलटे फिरतात. हा किनारा तळपण आणि गालजीबाग या दोन नद्यांच्या मुखांमध्ये, सुरूच्या झाडांखाली आहे. आगोंद आणि गालजीबाग, दोन्हीकडे ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात. वन खात्याने कुंपण घातलेल्या घरट्यापासून लांब राहावे, आणि अंधार पडल्यावर वाळूवर टॉर्च, फ्लॅश, शेकोटी काही नको. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. उघड्या समुद्रावरचे आकाश रात्री सर्वांत उजळ असते म्हणून ती पाण्याकडे जातात. मागे दिवे दिसले की उलटी रस्त्याकडे वळतात आणि सकाळी वाळून मेलेली सापडतात. इथे दोन माणसांच्या दहा मिनिटांच्या फोटोची किंमत फार मोठी पडते.

पोळे या सीमेवरच्या गावापर्यंत जाणाऱ्यांनी नाक्याच्या अलीकडूनच परतावे. भाड्याची गोव्याची दुचाकी कर्नाटकात न्यायला मालक परवानगी देत नाहीत आणि पलीकडे काही झाले तर निस्तरणे कठीण.

ज्यांना फेरीबोटीने जायच्या बेटांवरच दिवस काढायचा आहे त्यांनी दिवाडी-चोडणचा वेगळा दिवस ठेवावा. तिथे पुळण नाही. खाजन शेती (खाऱ्या पाण्यापासून बांधाने राखलेली शेते), बांध आणि मानशी (पाणी आतबाहेर सोडायच्या झडपा) आहेत. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी, तिथून दुसऱ्या फेरीने नार्वे, आणि सप्तकोटेश्वराचे दर्शन घेऊन परत, असा सुंदर फेरा होतो. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातही हिशेब पाण्याचाच: खारफुटीच्या आतल्या ओहोळांत होडी शिरायला भरती हवी, चिखलावर टिपायला उतरलेले पक्षी पाहायला ओहोटी.

म्हणून आपल्याला एक विनंती. आपण रोज पंचांग, सूर्योदय आणि सूर्यास्त छापता. त्याच चौकटीत मुरगावच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, वेळ आणि मीटरसह, अशा चार ओळी द्याव्यात. त्या मच्छीमाराच्या, खाजनात मानशी राखणाऱ्याच्या आणि पाहुण्यांच्याही उपयोगाच्या आहेत. पर्यटनाच्या पानावर एखाद्या किनाऱ्याची शिफारस करताना तिथे पोहता येते की नुसते चालता येते हेही एका वाक्यात लिहावे. अडचणीत पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक त्याच पानाच्या तळाशी कायम असावेत. फोन करताना जवळचे चर्च, देऊळ किंवा शाळा सांगावी, कारण आडवाटेवर गाडीला वाट दाखवायला तीच खूण कामी येते.

आपले,
काणकोण तालुक्यातील दोघे वाचक